आईच्या डब्यातल्या मनुका

दरवर्षी मी नववीला परासरण शिकवतो. मनुका पाण्यात टाकायच्या. आत साखर जास्त, बाहेर नुसतं पाणी. मग पाणी पातळ पडद्यातून आत शिरतं आणि मनुका टम्म फुगतात. मुलं "हो सर" म्हणतात आणि तास संपला की प्रयोग खाऊन टाकतात. मनुका आईच्या डब्यातल्या. ती त्यांना किसमिस म्हणते आणि माझ्या प्रयोगाला चोरी.

यंदा शाळा सुरू झाली त्याच सुमारास तिच्या मोबाइलवर कुणीतरी कानमंत्र धाडला : मीठ विष, पाणी अमृत. आईनं मीठ सोडलं, जेवण दोन घासांवर आणलं आणि दिवसभर तांब्यावर तांबे रिचवू लागली. तिच्यापुढं बोलायची अख्ख्या कोंढा गावात कुणाची टाप नाही. माझी तर नाहीच.

एका दुपारी शाळेतून आलो. आई ओसरीवर बसली होती. मला बघून तिनं पदर सावरला.

"कोन्या गावचे जी तुमी?"

"कोंढ्याचाच," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"आमचं बी कोंढाच जी. बसा. माहा पोरगा येतेच आता शाळेतून."

मी पिशवी तिथंच टाकली. गाडी करून तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ फार उतरलंय, त्यामुळे पाणी मेंदूच्या पेशींत शिरलं आणि पेशी फुगल्या. मी मान डोलावली, नववीची पोरं डोलावतात तशी. ओळख परत येईल का, विचारलं.

"मीठ हळूहळूच वाढवावं लागतं. बघू."

पालकांना मी नेहमी "बघू" म्हणतो. तो शब्द ऐकायला इतका वाईट असतो, हे ठाऊक नव्हतं.

सलाईन थेंब थेंब चालू होतं. आई मला पाहुणा समजून टेकून बसायला सांगत होती आणि पोरगा अजून कसा आला नाही म्हणून दाराकडे बघत होती. मीही बघत होतो.

दोन दिवसांनी सकाळी तिला मीठ घातलेली पेज भरवत होतो. तिनं मधेच माझा हात धरला, चेहरा नीट निरखला.

"डब्ब्यातली किसमिस तूच नेली ना रे?"

यंदा तो धडा अजून आलाच नव्हता. डबा भरलेला होता.

"हो, मीच नेली," मी म्हणालो, आणि सगळ्या वॉर्डासमोर रडलो.