उजवीकडची सीट

जर्मनीत ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले, हे सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याने अगदी आवर्जून कळवलं होतं. तिसऱ्यांदा पास झाले, ते कळवायचं मात्र त्याच्याकडून राहून गेलं.

त्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे स्टुटगार्टला आले. त्यांनी उभा जन्म घाटातून लाल डबा चालवलेला. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, ही त्यांची ख्याती. आमच्या लग्नाच्या वऱ्हाडातही ते ड्रायव्हरशेजारी टक्क जागे बसले होते. एका शनिवारी त्यांना जंगलातून तळ्यावर न्यायचं ठरलं आणि नेमकं नवऱ्याला काम निघालं. "ट्रेनने जा की," तो म्हणाला. मी किल्ली उचलली. माझ्या हातच्या गाडीत या माणसाने एकदा तरी निवांत बसावं, एवढीच माझी हाव होती.

खाली आल्यावर ते सवयीने उजव्या दाराने चढले आणि पाहतात तो समोर स्टिअरिंगच नाही! "तुमचं सगळं उलटंच," म्हणाले आणि पाय रोवून बसले. दर वळणाला त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

रस्ता तसा सोपा. दोन्ही बाजूंना बीच जातीची उंच झाडं, खाली एक खड्डा नाही.

"वळणावर हॉर्न दे."

"इथे नाही वाजवत, बाबा. लोक रागावतात."

"मग समोरच्याला कळणार कसं?"

"तो त्याच्याच बाजूने येतो."



पुढे एका खेड्यात उजवीकडच्या गल्लीतून ट्रॅक्टर आला. मी थांबले.

"अगं, आपला रस्ता मोठा आहे!"

"पाटी नसेल तर उजवीकडचा आधी. मोठा-लहान बघायचं नाही."

याच नियमावर मी पहिल्यांदा आपटले होते, ते काही सांगितलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने आभाराचा हात केला. सासऱ्यांनीही केला, जशी काही गाडी तेच चालवत होते.

मग बराच वेळ एकही सूचना आली नाही. रुसले की काय, म्हणून उतार संपल्यावर हळूच शेजारी बघितलं. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, आणि ब्रेकवाला पाय सैल पडलेला. सासरे चक्क घोरत होते! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. उरलेला रस्ता मांडीवर तान्हं बाळ असल्यासारखी गाडी नेली.

तळ्याकाठी इंजिन बंद केलं तसे ते दचकून उठले. तळ्याकडे बघितलंही नाही, आधी सासूबाईंना फोन लावला. नेहमीप्रमाणे स्पीकरवर.

"पोचलो. वाटेत जरा डोळा लागला."

पलीकडून सासूबाई काळजीने म्हणाल्या, "गाडीत? अहो, बरं नाहीये का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? सूनबाई चालवत होती."