न टोचलेले कान

पेणहून फोन आला तेव्हा मी मंगेशच्या सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरून बसले होते. दादा गेला... गणपतीच्या कारखान्यात काम करता करता डोकं दुखतंय म्हणाला आणि आडवा झाला तो उठलाच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. मंगेश, माझा मुलगा, पलंगावरूनच म्हणाला, "मामाला खांदा द्यायला पण उठता येत नाय गो आई." दोघांचं दुखणं एकच.

लहानपणी दादाचा दात पडला की उशी लाल व्हायची, रक्त थांबायचंच नाही. जरा धडपडला तरी गुडघा नारळाएवढा सुजायचा. आईचा एक भाऊ असाच लहान वयात गेला होता, म्हणून घरात म्हणायचे, हे आईच्या माहेरचं आहे. दादा मग बसून करायचं काम शिकला, मूर्तींचे डोळे रंगवायचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी त्याला रंग कालवून देऊ लागले. "हसू नको गो, बाप्पा तिरळा होईल," म्हणायचा, आणि मलाच हसवायचा.

लग्न होऊन मी रोह्याला आले. माहेरचं दुखणं माहेरी राहिलं असं सगळ्यांना वाटलं, मलाही. मंगेश रांगायला लागला तशा त्याच्या नडग्यांवर निळे डाग दिसू लागले. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मी काजळाची तीट मोठी केली.

मग त्याचे कान टोचायचं ठरलं. आमच्यात मामाच्या मांडीवर बसवून टोचतात, सोन्याच्या बाळ्याही मामाच आणतो. दादा एस.टी.ने आला, लंगडत. मांडीवर घेताना त्याला ते डाग दिसले. सोनाराने तार उचलली, तोच दादाने तळहाताने मुलाचा कान झाकला.

"थांबा. टोचायचं नाय."

"मामाच्या हातून बाळ्या सुटत नायत वाटतं," सासूबाई म्हणाल्या. जमलेल्या बायका हसल्या. दादाने बाळ्यांची पुडी माझ्या हातात ठेवली. "ह्या घे. पण आधी मुंबईला ह्याचं रक्त तपासू. मी येतो बरोबर."

डॉक्टरांनी नाव सांगितलं, हिमोफिलिया. रक्त गोठवणारं काहीतरी रक्तात कमी असतं. हा दोष आईकडून येतो. तिला स्वतःला सहसा त्रास होत नाही, पण तिच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी, आणि मुलीने तो पुढे नेण्याचीही निम्मीच. म्हणजे आईकडून दादाला आला, आणि माझ्यातून मंगेशला... बाहेर आल्यावर मी रडायला लागले. दादा म्हणाला, "रडतेस कशाला? मला कोणी ओळखलं नव्हतं. ह्याला मी ओळखलं ना?"

पुढे मंगेशचा गुडघा सुजला की दादा पेणहून यायचा. मामा-भाचे पाय लांब करून बसायचे आणि कोणाचा गुडघा मोठा यावर भांडायचे. त्याला बर्फ धरायला, इंजेक्शनला वेळेवर जायला दादानेच शिकवलं. आता मंगेश कंपनीत बसून करायचं काम करतो.

परवा त्याने बाळ्या मागितल्या. मी करंड्यातून पुडी काढली. कागदावर अजून दादाच्या अंगठ्याचा पिवळा रंग आहे. मंगेशने आरशात बघत एक बाळी कानाला लावली. "मामाने आणलेल्या... कशा दिसतात गो?"

छान दिसतात, असं म्हणायचं होतं. पण त्याआधीच माझा हात वर गेला आणि मी त्याचा कान झाकला.