नळदुर्गचे दोन प्रोसिनियम

चहा आधी खाली ठेवा मंडळी, नाहीतर ठसका लागेल! एका इंग्रजी शब्दानं माझी जी शोभा केली, ती ऐकाच.

निजामशाही जाऊन थोडीच वर्षं झाली होती. नळदुर्गात आम्ही सगळे उर्दू शाळेतले. इंग्रजी येणारा एकटा मी, म्हणजे असं मीच सांगत फिरायचो! कचेरीत कारकून, जत्रेच्या नाटकात कायमचा भालदार. मानाचा फेटा काही डोक्याला लागेना, आणि मला तर तोच हवा होता!

त्या वर्षी सोलापूरचे एक प्रोफेसर पाहुणे होते. हँडबिलासाठी त्यांनी इंग्रजी ओळ धाडली : यंदाचा खेळ नव्या 'प्रोसिनियम'सह! छापखान्याचे हुसेनभाई कावले, "कारकूनसाब, ह्यो लफ्ज ओळीत मावंना की! कुठं तोडू?"

मी डोळे मिटून हुकूम सोडला, "'प्रो' वर ठेवा, आडवी रेघ मारा, बाकीचं खाली ढकला!"

"पर ह्याचा अर्थ काय?" नाटक मंडळाचे म्होरके नाना टपकलेच.

आता माहीत नाही म्हणू? छे! "नाटकाचा मानकरी, नाना! फेटा बांधून स्टेजच्या तोंडाशी उभा ऱ्हातो. इंग्रजी यावं लागतं त्याला."

"आपल्यात कोण हाय तसा?"

मी लाजून चपलेकडं बघितलं.

झालं! दुसऱ्या दिवशी पाटील काठी आपटत हजर. "होळीचा मान माझा, पोळ्याचा मान माझा, अन् ह्यो प्रोसिनियम दुसराच?"

"पाटील, इंग्रजी लागतं!"

"नुस्तं उभं ऱ्हायाला इंग्रजी कशाला रं?"

गावात दोन तट पडले. स्टेजचं नवं काम करणाऱ्या सुतारानं तर करवतच खाली ठेवली. "आधी मान ठरवा, मग स्टेजला हात लावतो!" जत्रेच्या दिवशी कुठं नानांनी तोड काढली : डावीकडं मी, उजवीकडं पाटील. फेटे दोन!

संध्याकाळी प्रोफेसर उतरले. "वा! प्रोसिनियम कुठंय?"

"हे काय, दोघं!" नाना आमच्याकडं हात करून म्हणाले.

प्रोफेसर आधी माझ्याकडं, मग पाटलांकडं बघतच राहिले. "अहो, प्रोसिनियम म्हणजे स्टेजची दर्शनी चौकट! तिच्यातच पडदा टांगतात!"

आम्ही सगळे वळलो. मानाच्या भांडणात चौकट उभीच राहिली नव्हती! पडदा धुळीत लोळतोय, समोर सगळी जत्रा शिट्ट्या मारतेय!

नानांनी एक लांब बांबू उचलला, त्याला पडदा बांधला आणि दात-ओठ खात म्हणाले, "मानकरी, हात वर करा!"

अख्खं नाटक आम्ही दोघं बांबू धरून उभे! फेटा सुटून नाकावर, खाजवायला हात नाही!

"पाटील, खाली घ्या, अंक संपला!"

"तू आधी घे, तुला इंग्रजी येतं!"

नानांकडून सगळा किस्सा ऐकून जाताना प्रोफेसरांनी माझी पाठ थोपटली. "कारकून, अर्थ साफ चुकीचा सांगितलात, पण स्वतः उभं राहून बरोबर करून दाखवलात!"