वासनिक सरांचा ऑप-अँप

ट्रान्झिस्टरचे कापलेले पाय कितीही झाडा, दोन-चार टेबलाखाली उरतातच आणि नको तेव्हा तळपायात टोचतात. आमच्या वर्कशॉपमधले किस्सेही तसेच. विसरलो म्हणावं, तर कुठून तरी निघतातच!

वर्कशॉप म्हणजे वर्ध्यात सेवाग्राम रोडवरची एक खोली. माणसं तीन. पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले वासनिक सर डिझाइन करतात, नंदाताई सोल्डरिंग करतात आणि मी गिऱ्हाईक, कुरिअर आणि या दोघांची भांडणं सांभाळतो. बनवतो काय, तर ऑप-अँप. म्हणजे ऑडिओतला बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट. बाजारात ते छोट्या काळ्या आयसीत तयार मिळतं. आम्ही तेच सुटे ट्रान्झिस्टर जोडून हातानं बनवतो. आयसी काढायची आणि तिथंच आमचा बोर्ड बसवायचा.

सिंदीचे एक कापूस व्यापारी आले होते. गाण्यांचे शौकीन. बोर्ड उलटासुलटा करून म्हणाले, "आयसी भेटते ना रेडिमेड! मंग एवढा कुटाणा काऊन करून राह्यले?"

सर म्हणाले, "शेठ, लोणचं बी दुकानात भेटते. वहिनी घरी काऊन घालते?"

"नाई घालत आता," शेठ म्हणाले. "पोरं पुण्याले गेले. दोघांत बरणी सरत नाई."

सरांनी गुपचूप चहा मागवला.

आमच्या सर्किटमध्ये सुरुवातीचे दोन ट्रान्झिस्टर जुळ्यांसारखे लागतात. एक जरा जास्त तापला की सगळा तोल गेला. म्हणून नंदाताई दोघांना पाठीला पाठ लावून चिकटवतात. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. मीटरचा आकडा काही केल्या ठरेना. सरांना शोध लागला की कूलरची हवा एकाच ट्रान्झिस्टरला लागते. कूलर बंद!

नंदाताई घाम पुसत म्हणाल्या, "सर, ट्रान्झिस्टरले गरम होते, अन् आमाले नाई होत काय?"

"तुमी बोलून दाखवता ताई. ते बिचारं मुकं हाय."

त्या दिवशी नंदाताई चारलाच घरी गेल्या. सरांशी एक शब्द न बोलता!

पुढे सरांचे आवडते ट्रान्झिस्टर कंपनीनं बनवणं सोडलं. मग नकली माल सुरू झाला. नाव तेच, छपाई तीच, पण बोर्डावर लावला की खरखर. एकदा सरांनी पकडीनं एक फोडला. आत सिलिकॉनचा चिलटाएवढा तुकडा.

"वरून केवढं नाव, अन् आत पाहा!" सर म्हणाले.

नंदाताई म्हणाल्या, "आमचे मागचे सभापती!"

आम्ही हसलो. सर मात्र उरलेले जुने अस्सल ट्रान्झिस्टर डबीत ठेवत होते. म्हणाले, "हे सरले का आपलं बी सरलं."

बोर्ड जितका लहान, तितका वात्रट. आउटपुटची वाट इनपुटच्या जवळ गेली की सर्किट स्वतःच शीळ घालायला लागतं. सरांना बोर्ड आणखी लहान करायचा होता. नवा बोर्ड लावला आणि स्पीकरमधून अशी तीक्ष्ण शीळ निघाली की नंदाताईंनी कानांवर हात ठेवले. मी स्विचकडे धावलो. सर स्पीकरला पाठ करून चहा पीत होते.

"पाह्यलं?" शीळ चालूच असताना सर म्हणाले. "एकदम शांत!"

नंदाताई हसल्या. त्यांना वाटलं, सर गंमत करताहेत. मग सरांनी मागे वळून आमचे चेहरे पाहिले आणि कप खाली ठेवला.

तेव्हापासून सर डोळ्यांनी काम करतात. स्कोप म्हणजे सिग्नल दाखवणारं यंत्र, त्याच्या पडद्यावर लाट बघतात आणि कानाचं काम आम्हाला विचारतात. कानाला मशीन लावा म्हटलं, तर म्हणतात, "त्याच्यात कोणाचा ऑप-अँप हाय, काय माहीत! मले भरोसा नाई." पण रोज थोडं अजून मोठ्यानं बोलावं लागतं.

आणि विमलबाईंचं सांगायचं राहिलंच. आर्वीच्या त्या. नवरा भीमगीतं गायचा. तो गेला, घरी रेकॉर्ड केलेली एक कॅसेट तेवढी उरली. टेपरेकॉर्डरच्या घरघरीत त्याचा आवाज बुडायचा. एसटीनं त्या मशीन घेऊन आल्या. सरांनी आतली आयसी काढून आपले बोर्ड बसवले, अस्सल ट्रान्झिस्टरचे.

विमलबाई समोर बसल्या. मी बटण दाबलं. घरघर नाहीशी! नवऱ्याचा आवाज असा आला, जणू शेजारी बसूनच गातोय. विमलबाई मान हलवत ऐकत होत्या.

दुसऱ्या कडव्यात, त्या आवाजामागे, दुरून एक तान्हं मूल रडताना ऐकू आलं. इतकी वर्षं घरघरीखाली दबलेलं.

विमलबाई उठून उभ्या राहिल्या. "संजू," म्हणाल्या. "पाळण्यातला संजू हाय हा."

नंदाताईंचं माहेर आर्वीचं. त्यांनी माझा हात धरला. विमलबाईंचा संजू वर्षाचा व्हायच्या आतच गेला होता, हे त्यांना माहीत होतं.

गाणं चालू होतं. सर एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे बघत होते. सरांचा चेहरा पडला. स्क्रू-ड्रायव्हर उचलत त्यांनी मोठ्यानं विचारलं,

"मांगं काही आवाज राह्यला काय? काढून टाकतो!"

विमलबाईंनी त्यांचा हात धरला.

"नका काढू, सर. राहू द्या."