आजोबांचं वजन आणि गाडीचे बुश

तुमच्या बाबाला लहानपणी शेजारच्या खोलीतून मारलेली हाक ऐकू येत नसे. आता सातासमुद्रापलीकडे आमच्या गाडीचा खडखडाट ऐकू येतो. मी गाडी चालवत होते, तुमचे आजोबा शेजारी बसून त्याला व्हिडिओ कॉलवर शहर दाखवत होते, आणि गतिरोधक आला. खट्!

"आई, दिवाळीला येईन तेव्हा हा आवाज असला, तर गाडी विकायची."

गाडीने विशी ओलांडली आहे, हे मान्य. पण ती गेली की दर गुरुवारी हर्सूलला मैत्रिणीकडे जायलासुद्धा मला कुणाची तरी सवड बघावी लागणार.

आजोबांनी तातडीने उपाय केला. रेडिओचा आवाज वाढवला.

मी गॅरेज गाठलं. मिस्त्री गाडीखाली डोकावून म्हणाला, "मावशी, चाकाच्या दांड्याचे रबरी बुश गेले. लई झिजले." तासाभरात त्याने नवे बसवले. महिन्याभरात खडखडाट परत आला, अगदी शिस्तीत.

मग मी दुरुस्तीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. गाडीबरोबर घेतलं तेव्हा आजोबांनी विचारलं होतं, "परीक्षा कधी आहे?" त्यात स्पष्ट लिहिलं होतं: गाडीचा भार चाकांवर आल्यावरच बुशचे बोल्ट शेवटचे आवळावेत. आमच्या तज्ज्ञाने ते गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच आवळले होते. गाडी खाली टेकली तशी रबरं पिळली गेली आणि फाटली.

पुस्तक आणि आजोबा, दोघांना घेऊन मी पुन्हा गेले.

"मावशी, तीस वर्षं झाली, असंच आवळतो."

"म्हणूनच गिऱ्हाइकं परत परत येतात."

तो हसला. "ते बी खरंय म्हणा."

पुन्हा नवे बुश आले. या वेळी ते बसवून त्याने गाडी गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर, चाकं जमिनीला टेकवून उभी केली, स्वतः खड्ड्यात उतरला आणि तिथून ओरडला, "आता काका बसू द्या गाडीत. रोजचं वजन पायजे ना पुस्तकाला!"

पुस्तकात काकांचा उल्लेख नव्हता, पण मी वाद घातला नाही. खालून बोल्ट आवळून होईपर्यंत आजोबा गाडीत पेपर उघडून अर्धा तास बसले. सबंध संसारात त्यांचं नुसतं बसून राहणं पहिल्यांदाच कामी आलं.

दिवाळीला तुमच्या बाबाने गाडी मुद्दाम प्रत्येक गतिरोधकावरून नेली. काचा खाली, रेडिओ बंद, कान टवकारलेले. काहीच वाजेना. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. विकण्याचा विषय निघालाच नाही. घरी आल्यावर म्हणाला, "आई, उद्या गाडी मला लागेल."

"उद्या गुरुवार आहे," मी म्हटलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "रिक्षा कोपऱ्यावर मिळते."