बागेला कूलर लावणारे मामा

जळगावच्या मे महिन्याला आपण घाबरत नाही असं म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण त्याच महिन्यात घरदार सोडून, मागच्या बागेत, वीस-वीस माणसांना जेवायला बोलावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझ्या बायकोचे मामा. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं अशा दिवसांत त्यांचा फोन येतो, "जावईबापू, शनिवारी संध्याकाळी या, बागेत हवा छान आहे." ही हवा त्यांनी स्वतः तयार केलेली असते. आम्ही धुळ्याला राहतो. पारोळा, एरंडोल करत तापलेल्या एसटीतून जळगावला पोचेपर्यंत माणसाची तळलेल्या शेवेसारखी अवस्था होते, पण मामांच्या बोलावण्याला नाही म्हणण्याची हिंमत आमच्या घरात कुणाची झालेली नाही.

मामा तीस वर्षं एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त होताना इतर लोक शाल आणि श्रीफळ घेऊन येतात, मामांनी वर एक जुना थर्मामीटर मागून घेतला. तो दोरीने गळ्यात अडकवून ते बागेत फिरत असतात. एकदा मी फाटकातून आत शिरलो तर त्यांनी कसे आहात वगैरे काही विचारलं नाही. थर्मामीटर माझ्या शर्टाजवळ धरला, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "धुळ्याहून एक्केचाळीस घेऊन आलात. दहा मिनिटं तिकडे कडेला बसा, निवा, मग माणसांत या." मी कडेला बसलो. माझ्या आधी तिथे आणखी दोघे निवत बसले होते.

बाग थंड करण्याचा त्यांचा कार्यक्रम साडेचारला सुरू होतो आणि त्यात मुहूर्त चुकवलेला त्यांना खपत नाही. आपण जमिनीवर पाणी मारतो. मामा आधी भिंतीवर मारतात. "भिंत दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या पाठीवर ओतते. आधी तिचं तोंड बंद करा." मग भिंतीवर ओली गोणपाटं, मग कडुलिंबाखाली सडा, मग लिंबाचं झाड, मोगरा आणि कोपऱ्यातल्या केळीच्या दोन खुंटांना आंघोळ. आणि शेवटी घरातून वायर ओढत, वाळ्याच्या ताट्या लावलेला भला थोरला कूलर बाहेर येतो. पहिल्यांदा तो बाहेर आला तेव्हा शेजारच्या भाऊंनी कंपाउंडवरून विचारलं होतं, "काय साहेब, आता आकाश गार करणार का?" मामा अतिशय गंभीरपणे म्हणाले, "आकाश नाही. खुर्ची नंबर तीन ते सात." त्या खुर्च्यांवर कुणी बसायचं हे अंगाचं वजन पाहून ठरतं. मी गेली काही वर्षं नंबर पाचवर बसतो आणि त्यावर माझी बायको घरी आल्यावर बोलते.

या कूलरचा मामींना फार राग. एका शनिवारी त्यांनी ज्वारीची बिबडी, म्हणजे आमच्याकडचे पापड, तळून मोठ्या परातीत ठेवली होती. मामांनी वाऱ्याची दिशा सुधारली आणि बघता बघता सगळी बिबडी रुमालासारखी मऊ पडली. "चार दिवस कडक उन्हात वाळवली मी," मामी म्हणाल्या, "आणि तुमच्या यंत्रानं चार मिनिटांत ओली केली." मामांनी एक बिबडी दोन बोटांत धरून हलवून पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे हवेतला ओलावा इथपर्यंत पोचतोय." त्या रात्री मामी त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आम्ही मात्र ती मऊ बिबडी घडी घालून खाल्ली.

दिव्यांच्या बाबतीत तर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थच नाही. पांढरा उजेड हा दवाखान्याचा आणि पिवळा उजेड जेवणाचा, हे त्यांचं पहिलं सूत्र. दिवा डोक्यावर टांगायचा नाही, हे दुसरं, कारण "वरून उजेड पडला की माणूस पोलिसांत जबाब द्यायला बसल्यासारखा दिसतो." म्हणून त्यांनी फुटलेले माठ गोळा केले, त्यांना भोकं पाडली, आत पिवळे बल्ब सोडले आणि ते खुर्च्यांच्या मधे जमिनीवर मांडले. उजेड गुडघ्याच्या वर येत नाही. ताटात काय वाढलंय ते वासावरून ओळखावं लागतं, पण माणसं खरोखरच देखणी दिसतात. किडे मात्र माठांवर तुटून पडले. मामांनी त्यावरही उपाय काढला: बागेच्या टोकाला, भाऊंच्या कंपाउंडला लागून, एक झगझगीत पांढरी ट्यूब लावली. किडे तिकडे गेले. तिसऱ्या दिवशी भाऊ आले. "साहेब, जिल्ह्यातले बठ्ठे किडे माझ्या खिडकीत आणून सोडलेत तुम्ही!" "बठ्ठे?" मामांनी आनंदाने विचारलं. "म्हणजे इकडे एकही उरला नाही!" मग ट्यूब आत सरकवली आणि भाऊंना दर शनिवारचं कायमचं आमंत्रण दिलं. तेव्हापासून भाऊ सगळ्यांच्या आधी येऊन नंबर तीनवर बसतात.

हे सगळं मामांच्या डोक्यात कुठून शिरलं, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. ते मामींनी सांगितलं. त्यांची मुलगी शिकायला इंग्लंडला गेली आणि तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. मामांना ते पचलं नाही. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त तिच्याशी बोलणं थांबवलं. घरात तिचा विषय निघाला की ते पाणी प्यायला उठायचे. अशी दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत मामा इतकं पाणी प्यायले की मामींना एकदा डॉक्टरांना विचारावं असं वाटलं. मग नात झाली. मामी म्हणाल्या, "मी चालले. तुम्ही या, नाहीतर राहा." मामा गेले. जून म्हणजे जून, असं म्हणून स्वेटरही न घेता गेले.

तिथे पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी व्याह्यांनी त्यांना आपल्या घरामागच्या बागेत जेवायला बोलावलं. हे व्याही निवृत्त बसड्रायव्हर. उंच, लालबुंद आणि अतिशय कमी बोलणारे. उन्हाळा म्हणून सगळे बाहेर बसलेले आणि मामा मात्र थंडीने थरथरताहेत, पण सांगणार कोण? व्याही उठले, शेडमधून उंच दांड्याचा एक हीटर ढकलत आणला, पेटवला, आणि त्याचं तोंड पूर्णपणे मामांकडे वळवून स्वतः गारव्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने परत उठले आणि अंगातला कोट काढून मामांच्या खांद्यावर टाकला. मुलगी चहा घेऊन समोर उभी होती. मामांनी घोट घेतला आणि दोन वर्षांनंतर तिच्याशी पहिलं वाक्य बोलले, "साखर कमी आहे." मुलगी तिथेच रडायला लागली. व्याह्यांना वाटलं, चहा बिघडला.

"जावईबापू," मामा मला एकदा म्हणाले, "त्या माणसाला माझी भाषा येत नाही. मी त्याच्या मुलाला दोन वर्षं जावई म्हटलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने माझ्यासाठी जून महिना तापवला." मग थर्मामीटर पुसत बसले. परत आल्यावर त्यांनी बाग हातात घेतली. तिथे तापवायची, इथे गार करायची, एवढाच फरक.

आणि मग ते व्याहीच जळगावला यायचे ठरले. मामांच्या धाकट्या मुलाचं लग्न मेमध्ये निघालं. आपण तारीख पुढे ढकला म्हणून नवरीकडच्यांना सांगू, असं सगळ्यांनी सुचवलं, पण मामा म्हणाले, "येऊ द्या. मी बघतो." त्यांनी मुलीमार्फत व्याह्यांना विचारलं की तुम्हाला किती तापमान मानवतं. उत्तर आलं, वीस. मामांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला. "वीस आपल्याकडे जानेवारीत पहाटे मिळतं," ते म्हणाले, "पण पस्तीस देईन."

तीन महिने घरात त्या पस्तीसशिवाय विषय नव्हता. दुसरा कूलर आला. शेतातली हिरवी जाळी कडुलिंबाला बांधली गेली. यावलला केळीच्या रोपांची नर्सरी असलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून मामांनी बारीक तुषार उडवणाऱ्या तोट्या आणल्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या रांगेत टांगल्या. मामी म्हणाल्या, "नवरदेवाकडे कुणी बघतंय का या घरात?" कुणीच बघत नव्हतं. नवरदेव स्वतः तोट्यांच्या नळ्या जोडत होता.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी खापरावरचे मांडे आणि आमरसाचा बेत होता. व्याही आणि विहीणबाई बागेत आले. विहीणबाईंनी मामींची सुती साडी मागून नेसली होती आणि त्या मजेत होत्या. व्याही बिटासारखे लाल झाले होते. मामांनी त्यांना हाताला धरून खुर्ची नंबर चारवर बसवलं. माठांतले दिवे लागले, तोट्यांतून तुषार उडाले, दोन्ही कूलर घुमू लागले. मामांनी थर्मामीटर पाहिला. त्यांचा चेहरा पडला. "सदतीस," ते माझ्या कानात म्हणाले. मी म्हटलं, "मामा, बाहेर बेचाळीस आहे." पण ते ऐकत नव्हते. जाळी नीट कर, तोटी फिरव, असं त्यांचं चाललं होतं. व्याही घाम पुसत "व्हेरी नाइस, व्हेरी नाइस" म्हणत होते आणि प्रत्येक वेळी मामा जास्तच कष्टी होत होते. "मला त्याची परतफेड नाही करायची हो," ते मला म्हणाले, "मला फक्त दाखवायचं होतं, की तेव्हा मला कळलं होतं."

तेवढ्यात नंबर चार रिकामी दिसली. व्याही नव्हते. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. उन्हाचा त्रास झाला असेल म्हणून आम्ही घरात पाहिलं, फाटकाबाहेर पाहिलं. शेवटी ते सापडले लिंबाच्या झाडामागे. मामींनी रसाचे आंबे मोठ्या घमेल्यात पाण्यात घालून ठेवले होते. व्याही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाटावर बसले होते, डोळे मिटलेले, आणि दोन्ही पाय घमेल्यात, आंब्यांच्या मधे. मामींनी मागून पाहिलं आणि आपल्या आंब्यांसाठी त्यांची माहेरची बोली बाहेर पडली, "अहो, मना आंबा!"

व्याह्यांनी दचकून पाय उचलले. मामांनी मामींना हाताने थांबवलं, "ऱ्हाऊ दे वं, पाव्हना शेतस त्या," म्हणजे पाहुणे आहेत ते, आणि व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खाली बसवलं. मग वाकून गळ्यातला थर्मामीटर घमेल्यात बुडवला. आम्ही सगळे घमेल्याभोवती वाकलो. "सव्वीस!" मामा ओरडले. तीन महिन्यांत मी त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पाहिला नव्हता. व्याह्यांना ते आपल्या प्रयोगशाळेच्या इंग्रजीत म्हणाले, "सिट, सिट. कन्व्हेक्शन फेल. कंडक्शन पास!" आणि चपला काढून, धोतर सावरून, त्यांनीही आपले पाय त्याच घमेल्यात सोडले. व्याही गदागदा हसले. मामांची मुलगी सांगत होती, तिने सासऱ्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग काय, घरातली सगळी घमेली, बादल्या, नातीचा आंघोळीचा टब बाहेर आला. नवरीचे वडील, शेजारचे भाऊ, मी, सगळे ओळीने पाय बुडवून बसलो. गुडघ्यापर्यंतचा तो पिवळा उजेड इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर जागी पडला होता. ते आंबे पुन्हा धुतले होते की नाही, हे मी मामींना आजतागायत विचारलेलं नाही. रस मात्र उत्तम झाला होता.

व्याही पुन्हा भारतात आले नाहीत. मागच्या हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. मामा संध्याकाळी एवढंच म्हणाले, "फार कमी बोलायचे. पण आमचं जमायचं."

परवाच्या मेमध्ये मी गेलो तेव्हा मामांनी मला शिडीवर चढवलं आणि स्वतः खाली उभे राहून सूचना दिल्या. आता त्यांना चढवत नाही. सात वाजले, बाग भिजून तयार होती, माणसं अजून यायची होती. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे तेव्हा दुपार असते. "बाबा, दाखवा ना," ती म्हणाली. मामांनी मोबाइल छातीपाशी दोन्ही हातांनी धरला आणि चालायला लागले. अगदी हळू, जणू कुणीतरी बोट धरून शेजारून चालतंय. हा मोगरा. हा लिंब, यंदा फार धरलाय. ही बघ केळी, हिला नवीन पिल्लू फुटलंय. "अजून थोडं पुढे, बाबा," ती म्हणत होती आणि ते पुढे जात होते. फाटकाबाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मी घाईने जाऊन फाटकाशी उभा राहिलो आणि आलेल्या माणसांना हळूच म्हटलं, पाच मिनिटं इथेच थांबू या का, मामा जरा बागेत फिरताहेत.