गाडी कुठवर आली?

आमचा ऑनलाइन ग्रुप रेल्वेवेड्यांचा. तिथे इंजिनं, डबे आणि वेळापत्रक एवढंच बोलायचं. पण एक अनोळखी नंबर रोज विचारायचा, "गाडी कुठवर आली?" त्यावरून भांडणं पेटली, तेव्हा अ‍ॅडमिन म्हणून मी सगळ्यांचं लिहिणं बंद केलं आणि रत्नागिरी स्टेशनच्या बाकावर बसून नवा नियम लिहायला घेतला: असले प्रश्न विषयाबाहेर.

शेजारच्या बाईंनी मांडीवरच्या छत्रीची मूठ घट्ट धरली होती. दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाइलवर सारखा आपटत होता. स्क्रीनवर आमचाच ग्रुप.

"आज लिहूच देत नाही मेला," त्या पुटपुटल्या.

"तुम्हाला गाड्यांची आवड?"

"छे हो! इंजिनातलं मला काय कळतंय? मुलगा रुळांवर गस्तीला असतो, डोंगराखाली. तिथे फोन लागत नाही. गाडी तिथून पुढे गेली म्हणजे दरड आलेली नाही. ह्यांच्यातलं कोणीतरी डोळ्यांनी बघून सांगतं. मग मी जेवते."

बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मी घाईघाईने ग्रुपवर सगळ्यांचं लिहिणं पुन्हा सुरू केलं आणि पहिला प्रश्न मीच टाकला, "गाडी कुठवर आली?"